कंसातला वजा ए

आंजनेयुलू मास्तरांचं लग्न पॅराबोलामुळे मोडलं, असं तेनालीत म्हणतात. म्हणतात म्हणजे मी म्हणतो. पण इतक्या वर्षांत कोणी खोडून काढलेलं नाही.

भ्रमरांबा त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्यात अशा मुलीवर आतेभावाचा, म्हणजे तिच्या 'बावा'चा, हक्क पाळण्यापासूनचा. मामाच्या ओसरीवर बोलणी जवळजवळ आटोपली होती. मुलगी नुकतीच वॉल्टेरच्या विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. होऊन आलेली. ताकाचे पेले ठेवता ठेवता तिनं विचारलं, "बावा, पॅराबोलाचं ते वाय वर्ग बरोबर चार ए एक्स. हे येतं कुठून?"

"पुस्तकातून," आंजनेयुलू म्हणाले.

तिनं पेले रिकामे व्हायच्या आधीच उचलले आणि पुढच्या उन्हाळ्यात नेल्लूरच्या एका बँकवाल्याशी लग्न करून मोकळी झाली. आंजनेयुलूंनी एका शब्दानं विचारलं नाही. नंतर दुसरीकडे लग्न केलं, संसार नीट केला, आणि गणित मात्र पाठच करवत राहिले.

पाठ करवण्यात त्यांच्या तोडीचा माणूस कृष्णेच्या अलीकडे नव्हता. सगळी सूत्रं हरिकथेच्या चालीवर बसवलेली. वर्गाबाहेरून जाणाऱ्याला वाटावं, देवळात काहीतरी चाललंय. परीक्षेत सूत्र सिद्ध करत बसणाऱ्या पोरांची ते टर उडवायचे. "पंगत बसल्यावर कोणी भात पेरायला जातं का रे?" आणि 'सिद्ध करा' असाच प्रश्न आला तर? तर ती सिद्धताही पाठ, स्वल्पविरामासकट. पॅराबोला म्हणजे एका बिंदूपासून आणि एका रेषेपासून सारख्याच अंतरावर राहणाऱ्या बिंदूंची वाट. आमच्या पुस्तकात त्या बिंदूचं नाव एस, आणि आकृतीचा मधला आस त्या रेषेला जिथे छेदतो तिथे झेड. आंध्रातल्या पोराला झोपेतून उठवलं तरी ते एस आणि झेडच म्हणणार.

असेच एका एप्रिलात आम्ही गणिताचे मास्तर इंटरचे, म्हणजे बारावीचे, पेपर तपासायला गुंटूरला होतो. गुंटूरचा एप्रिल म्हणजे पंखा चालू केला की जास्त उकडतं. मास्तर माझ्या शेजारी. त्यांचा गुडघा सतत हलायचा, त्यानं बाक हलायचा, आणि माझ्या बरोबरच्या खुणा चुकीच्या दिसायच्या. आमच्या टेबलाच्या मुख्य परीक्षक कोण, तर भ्रमरांबा गारू. गारू म्हणजे आमच्याकडचं 'बाई'. केस पिकलेले, चष्मा नाकावर, हातात नमुना उत्तर. कुठल्या ओळीला किती गुण, हे त्यावर छापलेलं.

सकाळभर मास्तरांनी सपाट्यानं पेपर तपासले. मग बाक हलायचा थांबला. मी वळून पाहिलं.

"हे बघ रे," ते हळूच म्हणाले.

पॅराबोलाचाच प्रश्न, सात गुणांचा. एस नाही, झेड नाही. सगळे जण उभा अक्ष त्या बिंदूच्या आणि रेषेच्या बरोबर मध्ये घेतात. या पोरानं, की पोरीनं, तो सरळ त्या रेषेवरच घेतला होता. शेवटी उत्तर: वाय वर्ग बरोबर चार ए, कंसात एक्स वजा ए.

"दोन द्या आणि पुढे चला," मी म्हणालो. "शेवटची ओळच जुळत नाही."

"पण चूक कुठाय?"

"ते शोधायचे वेगळे पैसे देतात का?"

मास्तर उठले, माठापाशी गेले, पाणी न पिताच परत आले. बसले, पुन्हा उठले. तोंडात पाठ ओळी येत होत्या, आणि त्यातली एकही या आकृतीवर बसत नव्हती. शेवटी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः मांडायला घेतलं. बिंदूपासूनचं अंतर, रेषेपासूनचं अंतर, दोन्हींचा वर्ग. तीस वर्षं शिकवलेली गोष्ट ते पहिल्यांदा करत होते; पेन दोनदा अडखळलं. उत्तर आलं. विश्वास बसेना म्हणून परत केलं. तेच आलं. वजा ए सकट.

कपाळाचा घाम पुसून ते भ्रमरांबांपुढे जाऊन उभे राहिले. मी पाण्याच्या निमित्तानं मागोमाग गेलो. अशा वेळी मला फार तहान लागते.

"पूर्ण गुण द्यायचेत," मास्तर म्हणाले.

तिनं पेपर पाहिला, मग नमुना पाहिला. "दोन, बावा. चार ए एक्स नाही आलं."

"येईल कसं? त्यानं अक्ष ए-नं सरकवलाय. वाट तीच आहे, फक्त उभं राहायची जागा वेगळी."

"प्रश्नात 'प्रमाणित रूपात' म्हटलंय. हे प्रमाणित नाही."

"मग त्याचा एक कापा. पाच कशाला?"

"तुझी तर साऱ्या जिल्ह्यात ख्याती आहे. पुस्तकातली ओळ नाही तर गुण नाही."

"ते माझं," मास्तर म्हणाले. "हे पोरगं माझ्याकडे शिकलेलं नाही, म्हणून तर हे जमलंय. पेपरवरची नावाची पट्टी फाडलेली आहे. आत्ता तुम्ही दोन लिहिलेत तर त्याला कधी कळणारही नाही की त्याचं बरोबर होतं. बसा, मी करून दाखवतो." आणि मुख्य परीक्षकांच्या टेबलावर, त्यांच्याच पेनानं, ते सुरू झाले. भ्रमरांबा शेवटपर्यंत पाहत राहिली. मग नमुना बाजूला सारून तिनं दोनाचा प्रश्नच मिटवला आणि सहा लिहिले.

"सातवा?" मास्तर म्हणाले.

"तो शेवटच्या पायरीचा. नाही मिळणार."

"ती पायरी म्हणजे नुसतं नाव बदलणं आहे."

"बावा," ती चष्म्यावरून बघत, आवाज खाली आणून म्हणाली, "एका गुणासाठी तासभर भांडतोयस. तेव्हा ओसरीवर एकदा तरी तोंड उघडायचं होतंस."

मास्तरांनी पेपर उचलला. मी हे कोणाला सांगितलं नाही, म्हणजे त्या दिवशी तरी नाही.

जागेवर येऊन त्यांनी पुढचा पेपर ओढला. सुरेख अक्षर, एस, झेड, सगळं जिथल्या तिथे, चार ए एक्स. एरवी एका फटक्यात सात पडले असते. मास्तर लाल पेन उघडून बसून राहिले. "याला कळलंय का रे?" त्यांनी मला विचारलं.

"नमुन्याप्रमाणे आहे ना, द्या सात."

त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. संध्याकाळी बाकीची टेबलं उठली तेव्हा त्यांचा गठ्ठा अर्ध्यावर होता, आणि भ्रमरांबा गारू पिशवी खांद्याला लावून दाराशी थांबल्या होत्या.