विनोदची वाढीव रजा

बटालियनमध्ये मी नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि सौंसरला परतलो. लान्स नायक विनोद आमच्याच बटालियनचा, मोहगावचा. मे महिन्यात तो रजेवर आला. लग्नांत जेवला, बसस्टँडवर बर्फ घातलेला उसाचा रस प्यायला आणि काही दिवसांनी तापाने पडला.

आमच्याकडे ताप आला की दुकानातून अँटिबायोटिक आणायचं, दोन दिवस घ्यायचं, उतरला की सोडायचं. शिकलेलेही तेच करतात. मला याची भयंकर चीड आहे. विनोदनेही तेच केलं. तापाच्या तिसऱ्या आठवड्यात त्याची बायको सुनीता माझ्याकडे आली.

"भाऊ, हे काहीच खाऊन नाही राहिले. परवा पांढुर्ण्याहून गाडी हाय. मनतात, कोणाले सांगू नको."

मी मोहगावला गेलो. त्याची जीभ पांढरी, पोट फुगलेलं.

"टायफॉइड दिसतो. परत जायचं नाही."

"उस्ताद, रजा संपून राहिली. उशीर झाला तर रेकॉर्डात रेड एन्ट्री, लाल शेरा लागन."

त्याला सौंसरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी भरती केलं, रक्त कल्चरला पाठवलं, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"अर्धवट औषध पोटात गेलं आहे. आता कल्चरमध्ये जंतू सापडतीलच असं नाही. रक्त औषधाआधी द्यायला हवं होतं."

मी तिथूनच युनिटला फोन लावला. सुभेदार साहेबांनी कंपनी कमांडरना विचारलं आणि लगेच उलट फोन केला.

"रजा वाढवली. आधी जवान बरा करा."

एका फोनचं काम होतं. विनोदला सांगितलं तेव्हा तो हसला आणि डोळे मिटून पडला.

त्याच दुपारी तो ओरडला. पोटाला हात लावला तर फळीसारखं कडक. नाडी धावत होती. आतड्याला भोक पडलं होतं. नागपूरला ऑपरेशन झालं, पण तो वाचला नाही. कल्चरचा रिपोर्ट नंतर आला. त्यात जंतू सापडले नव्हते.

"लोक इचारतात, सरहद्दीवर गेले का? मी काय सांगू?" सुनीताने विचारलं.

"खरं सांग. तापात गेला, आणि ड्यूटीवर पोचायच्या घाईत गेला."

बटालियनच्या वर्धापनदिनी आम्ही माजी सैनिक जमतो. शहिदांची नावं वाचली जातात. त्यात विनोदचं नसतं. यादी संपली की मी एक पाऊल पुढे येतो आणि त्याचं नाव मोठ्याने घेतो. सगळे सावधानमध्येच उभे राहतात.