प्लाझ्मापुढचं गाऱ्हाणं

सुरंगीचा वास आला की मला रत्नागिरीच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवते. चार्ज होणाऱ्या बॅटरीसाठी आम्ही तिथे निकेलच्या पातळ पत्र्यावर, विजेने जांभळ्या उजळलेल्या वायूत, म्हणजे प्लाझ्मात, ग्राफीन हा कार्बनचा अतिपातळ थर वाढवायचो. लांज्याची माझी मैत्रीण मशीनवर सुरंगीचं फूल ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायची आणि तिचा थर एकसारखा यायचा. माझ्या पत्र्यावर नुसती काजळी! मी जळफळायचे. एकदा ती चहाला गेलेली बघून मीही हात जोडले, "देवा म्हाराजा, आज माझं ग्राफीन तिच्यापेक्षा चांगलं येऊ दे!" तेवढ्यात मागून, गाऱ्हाण्याला सगळे साथ देतात तशी, तिनेच खणखणीत साथ दिली, "व्हय म्हाराजा!" त्या दिवशी माझा थर सुरेख आला आणि माझ्याहून तीच जास्त खूश झाली. त्याचाही मला अजून हेवा वाटतो.