सवाल माझ्याकडे, जवाब जावेकडे

नात मोबाईल घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. "आजी, एकच मोठा स्पीकर मागवू की लहान्यांची जोडी? जोडी घेतली तर स्टिरिओ होते. थोडा आवाज डाव्यातून, थोडा उजव्यातून."

"मले शिकवतं काय वं? तुहा बाप हाफपँटीत शाळेत जाये, तवापासून स्टिरिओ हाय या घरात."

ती हसली. आजी फेकते, असं तिला वाटलं असणार.

खरं सांगायचं तर मला स्पीकर हवा होता तो गाण्यांसाठी कमी आणि बाईसाठी जास्त. बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. आमची घरं शेजारी शेजारी, मधली भिंत एकच. गुडघे धरल्यापासून तिनं माझ्याकडे येणं कमी केलं होतं. त्यात तिच्या लेकानं तिच्या खोलीत टीव्ही बसवून दिला आणि उरलंसुरलं येणंही बंद पडलं. दुपारभर भिंतीपलीकडून मालिकेतल्या सासवांचा आवाज यायचा, बाईचा नाही. गाणी लावली तर ती येईल, असा माझा डाव होता. म्हणून एक की दोन, हा प्रश्न मला साधा नव्हता.

आता माझ्या स्टिरिओचं सांगते.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. तशी त्या काळात कोणत्या वर्षी होता म्हणा! भाव वाढेल म्हणून सगळ्या गावानं कापूस घरातच भरून ठेवलेला. आमच्या पुढच्या खोलीत तो आढ्याला टेकला होता. माणसांनी अंग चोरून स्वयंपाकघरात जायचं आणि रात्रभर खाजवत झोपायचं. अशा दाटीतच दोघा भावांनी वेगळं व्हायचं ठरवलं. वावर वाटलं, घर वाटलं, बैल वाटले, पाणी भरायचे पितळेचे गुंड वाटले. राहिला तो कॅसेटचा डेक. सासऱ्यांनी एका चांगल्या सालात पांढरकवड्याहून हौसेनं आणलेला. मधे यंत्र आणि दोन बाजूंना दोन सुटे स्पीकर, पिठाच्या डब्याएवढे.

सासरे म्हणाले, "हे कोनीतरी एकानं ठेवा."

तेव्हा मी पुढं झाले. डोक्यावर पदर, पण जीभ मोकळी. म्हटलं, "स्पीकर दोन हाय, सुना बी दोन हाय."

सासऱ्यांनी मान डोलावली. मी मनात म्हटलं, पाहा, कशी वकिलासारखी वकिली केली! त्या आनंदात मी संध्याकाळच्या भाकरी जाळल्या.

यंत्र मात्र तोडून वाटता येत नाही, हेही मीच ठरवलं आणि ते माझ्याकडे ठेवून घेतलं. मधल्या मातीच्या भिंतीला सब्बलीनं भोक पाडलं, वायर पलीकडे सोडली आणि बाईचा स्पीकर तिच्या चुलीजवळच्या फळीवर गेला. म्हणजे गाणं दोघींचं, पण बटण माझं. वर त्या डेकला एक गोल बटण होतं. ते एकीकडे फिरवलं की सगळा आवाज माझ्याकडे, दुसरीकडे फिरवलं की सगळा तिच्याकडे. वाटणीत गुंड तिला मोठा गेला होता आणि त्यावरून आमचा अबोला चालू होता. मग काय, ती दुपारी जरा आडवी झाली, की मी बटण पुरतं तिच्याकडे फिरवायची. ती लाटण्यानं भिंत ठोकायची. मी ऐकू न आल्यासारखी तांदूळ निवडत बसायची. एवढी मोठी मी, दोन लेकरांची माय!

आवाज मात्र माझ्या खोलीत फार छान लागायचा. खोलीभर कापूस, त्यामुळे घुमणं नाही की खणखणणं नाही. माझा नवरा कापसाला पाठ टेकून ऐकायचा आणि म्हणायचा, "भाव नाई त नाई, आवाज त मऊ येते."

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली तेव्हा त्यानं सवाल-जवाबाची एक कॅसेट आणली. विहारापुढं रंगायचा तसाच सामना, पुरुषाची पार्टी सवाल टाकणार, गाणाऱ्या बाईची पार्टी जवाब देणार. मी कामं आटोपून कॅसेट लावली. पुरुषानं झक्कास सूर लावून विचारलं, तेल नाही, वात नाही, असा दिवा कोणता? ढोलकी कडाडली. आणि मग माझ्याकडे नुसती ढोलकीच. जवाब नाही! थोड्या वेळानं पुरुष पुन्हा खाकरला आणि पुढचा सवाल.

कॅसेट भरणाऱ्यानं पुरुषाची पार्टी एका बाजूला आणि बाईची दुसऱ्या बाजूला भरली होती, हे मला कुठून कळणार! मला वाटलं, बाईची पार्टी हरली. दुसऱ्या दिवशी नळावर मीच सगळ्यांना सांगितलं, "जवाब कोनालेच येत नाई. मले येते. काजवा!" बायकांनी माना डोलावल्या. बाई तिथंच उभी होती. तिनं हंडा भरला, माझ्याकडे पाहिलं आणि गालात हसून निघून गेली.

त्या हसण्यानं माझी झोप उडाली. हिला काय माहीत आहे? मी पुन्हा कॅसेट लावली, सवाल झाला, ढोलकी वाजली आणि मी भोकाला कान लावला. पलीकडे फोडणी चुरचुरत होती, काही म्हणजे काही कळेना. शेवटी न राहवून मी भोकातून ओरडले, "बाई! काय म्हनते वो ते?"

वाटणीनंतर मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

पलीकडे फोडणीवर झाकण पडलं. मग भोकातून तिचा आवाज आला, "काजवा म्हन ना, काजवा!"

"बाई, सांगा ना वो."

तिनं घसा साफ केला आणि अख्खा जवाब गाऊन दाखवला. लेकीच्या हातातली पाटी, हा तो दिवा. गाऊन झाल्यावर म्हणाली, "आता तू सांग. तो इचारते काय? मले इकडं नुसते जवाबच येऊन राह्यले. कायचे जवाब हाय, तेच समजेना."

मग मी सवाल गायले. तिची भाजी करपली. कापूस विकला जाईपर्यंत आमचं हेच चाललं, भोकाशी ती तिकडं, मी इकडं. पुढं डेक मोडला, भोक लिंपलं, पण अबोला काही परत आला नाही.

हे सगळं ऐकून नात पोट धरून हसली. म्हणाली, "आजी, मग तर जोडीच घेऊ! आता भोक पाडायचीबी गरज नाही. एक तुझ्याकडे, एक मोठ्या आजीकडे. वायर नसली तरी भिंतीतून आवाज पोहोचते. मोठ्या आजीले उठायचंच काम नाही."

"एकच मागव," मी म्हटलं.

"अगं, पण स्टिरिओ..."

"मी एका जागी बसून ऐकनारी बाई हाय काय? एका हातात झाडू, एका हातात सूप. मले डावं उजवं काय करायचं? एकच मागव."

स्पीकर आला. यंदाही भावाची वाट पाहत कापूस पुढच्याच खोलीत पडला होता, त्यालगत स्टुलावर तो ठेवला. नातीनं मोबाईलमध्ये तीच सवाल-जवाबाची पार्टी शोधून काढली. मी म्हटलं, "मोठा कर आवाज." मग पलीकडच्या सासवा बंद पडल्या आणि थोड्या वेळानं काठी टेकत बाई दारात.

कापसाला पाठ लावून ती बसली. सवाल झाला, जवाब सुरू झाला. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "दोघंबी एकाच डब्यातून? असं कसं वं? भांडनारे समोरासमोर पाहिजे."

"मंग बसा तिकडच्या बाजूनं."

ती खरंच सरकली. पुढचा सवाल आला तसा मी पुरुषाच्या आधीच गायला लागले, आणि जवाबाला ती. शब्दाला शब्द. मला एकही जवाब धड येत नव्हता आणि तिला एकही सवाल. नातीनं हळूच आवाज कमी केला, ते आम्हाला गाणं संपल्यावर कळलं.

उठताना बाई म्हणाली, "चांगला हाय डबा. मीबी मागवू काय एक?"

"कायले?" मी जरा जोरातच म्हटलं. "दोन कायले पाहिजे?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. नळावर पाहिलं होतं, अगदी तसंच.

"तू काही सुधरली नाई," ती म्हणाली आणि काठी टेकत दारापर्यंत गेली. तिची सुपारीची डबी कापसावरच राहिली होती. मी ती उचलून द्यायला निघाले.

"राहू दे तिथंच," बाई म्हणाली. "उद्या लागनच."