पाठीसाठी घेतलेली खुर्ची

मी खुर्ची घेतली आणि आमच्या अख्ख्या गल्लीची पाठदुखी थांबली.

पुण्यातली नोकरी मी इस्लामपूरजवळच्या आमच्या घरातून करतो. कॉटवर मांडी, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप! वर्षभर हा थाट चालला आणि एका सकाळी मान डावीकडे वळली ती तिथंच थांबली. (उजवीकडच्या माणसांशी मी तीन दिवस पाठमोरा बोललो.) साहेबांनी बजावलं, "सोमवारपर्यंत बरा झाला नाहीस, तर पुण्याला ऑफिसात ये." आठ वर्षं मेसचा डबा खाल्ल्यावर आता कुठे आईची गरम भाकरी मिळत होती. ती सोडून जायच्या विचारानं मला खरंच रडू येत होतं.

व्यायामाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्क्रीन डोळ्यांसमोर हवी, कमरेला आधार हवा. दर अर्ध्या तासानं उठायचं. आणि आधी चांगली खुर्ची घ्या!"

घेतली. सांगलीहून टेम्पोतून आली. कमरेला फुगवटा, मानेला उशी, खाली-वर व्हायला दांडा. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिची चारी बाजूंनी पाहणी केली. आबा फौजेतले निवृत्त सुभेदार.

"लय भारी! आमच्या कर्नलसायबालाबी असली नव्हती. बघतो जरा बसून."

पेपर संपेपर्यंत ते बसून बघत होते.

मग शेजारचे तात्या आले. "काय रं, मान धरली म्हनं?"

आमच्याकडे वडीलधारं माणूस उभं असताना आपण बसायचं नसतं, आणि आल्यागेल्याला घरातली चांगली खुर्ची द्यायची असते. हे इतकं अंगात मुरलंय, की डोक्याला कळायच्या आत पाय उभे राहतात.

"बसा की तात्या!" मी म्हणालो.

तात्या बसले, दांडा ओढला आणि सुर्रकन खाली गेले. "आयला!" मग वर आले. पुन्हा खाली गेले. पाचव्या खेपेला म्हणाले, "गड्या, कंबर मोकळी झाली की!"

ही बातमी गावभर झाली. येणारा माझ्या मानेची चौकशी करायला येई, खुर्चीत बसे, आणि मी खाली सतरंजीवरून मान वर करकरून उत्तरं देई. त्यानं मान आणखी दुखे. मग आणखी माणसं येत! दर अर्ध्या तासानं उठायचा नियम मात्र मी काटेकोर पाळला, कारण दर अर्ध्या तासानं कुणीतरी येतच होतं.

शुक्रवारी मोठी मीटिंग होती, कॅमेरा चालू ठेवून. मी पुढच्या दाराला कडी घातली.

"कडी काढ!" आई ओरडली. "लोक काय म्हंतील?"

"आई, एक तास! फक्त एक तास!"

तात्या मागच्या दारानं आले. मी बोलत होतो. वाक्य अर्ध्यावर सोडून ताडकन उठलो. कानातली वायर ओढली गेली, कमरेत चमक भरली आणि मी खाली बसलो तो बसलोच. खुर्चीत आणि स्क्रीनवर तात्या!

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

तात्यांनी हात जोडले. "नमस्कार! बसा की."

उरलेलं सगळं मी खुर्चीच्या पायाशी ओणवा होऊन सांगितलं. तात्या प्रत्येक वाक्याला "बरोबर हाय" म्हणत होते, त्यामुळे कुणी एकही शंका काढली नाही.

रविवारी मला उठवेना, म्हणून डॉक्टरीणबाईच घरी आल्या. साहेबांनी त्यांची चिठ्ठी मागितली होती, तिच्यावरच माझं राहणं की जाणं ठरणार होतं. त्या दारात दिसताच पहिला आवाज सतरंजीवरून आला.

"डॉक्टर, बसा ना!"

त्या खुर्चीत टेकल्या, मागे रेलल्या आणि खूश झाल्या. "अगदी योग्य खुर्ची घेतलीत! रोज वापरात आहे ना?"

"रोज!" आबा छाती काढून म्हणाले. "एक मिन्ट रिकामी न्हाई!"

बाईंनी मला तपासलं. "साधी चमक आहे, दोन दिवसांत जाईल," म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहिली: घरून काम करण्यास हरकत नाही, बसण्याची सोय उत्तम. ती वाचून आईनं डोळे पुसले. मीही पुसले.

तर पुण्याला जाणं टळलं. हे मी सतरंजीवर पालथा पडून लिहितोय. माझ्या पाठीची चौकशी करायला आटपाडीहून आत्या आलीय. खुर्चीत बसलीय. मीच म्हणालो, बस.