बायकोच्या उंचीची मेणबत्ती

खापरात त्या काळी कॅथलिक घर एकच, आमचं. पण बांद्र्याच्या टेकडीवरच्या माउलीला आम्ही नेली तेवढी मेणबत्ती अख्ख्या मुंबई इलाख्यातून कुणी नेली नसेल. उंची बायकोची होती, आणि माझ्या बायकोला कौलं चाळायला शिडी लागत नसे.

तिला ताप आला तो असा, की कपाळावर भाकरी टाकली असती तर फुगली असती. डोक्यावरचे केस सगळे गळले. मी माउलीला बोललो, ही उठून उभी राहिली तर हिच्या उंचीची मेणबत्ती आणीन. दोन वर्षांत बाई उभी! केसांचा नवा अंबाडा नारळाएवढा. त्याचा तिला कोण तोरा!

"अंबाड्यासकट मोजा," ती म्हणाली. "तो बी तिनीच दिधा."

मेण दिलं काठी गावाकडच्या एका म्हाताऱ्याने. त्याचे देव डोंगरातले. तरी म्हणाला, "तुझी आई असो की माझी, मेण मधमाश्यांचंच." मी बांबू बायकोशेजारी उभा केला, अंबाड्याच्या टोकाशी कापला, आतल्या गाठी फोडल्या आणि वितळलेलं मेण ओतलं. बांबू चिरायचा तो टेकडीवरच, म्हणजे वाटेत उन्हाने मेणबत्ती वाकायला नको.

अक्कलकुवा सोडल्यापासून बायकोचा एकच घोर. "मोडेल निंघनी तर? तुटका नवस चालत नई."

तापीला पूर असा, की आमच्या गाडीच्या बैलांची फक्त शिंगं दिसत होती. बांबू मात्र माझ्या डोक्यावर कोरडा. नंदुरबारला आगगाडीत तिकीट तपासणाऱ्याने अडवलं.

"हाई काय शे?"

"मन्ही बायकोनी उंची."

"मंग तिचं बी तिकीट काढ!"

टेकडीवर जत्रा फुललेली. मेणाचे हात, मेणाचे पाय, पांढऱ्याशुभ्र मेणबत्त्या. एक दुकानवाली हसली, "काय रे, माउलीला बांबू वाहतोस?"

मी कोयत्याने बांबू उभा चिरला. बायकोने डोळे मिटले होते. मेणबत्ती निघाली ती अखंड! पिवळीजर्द, पेरापेरावर कडी, जणू वाकी घातलेला हात. दुकानवालीचं हसू तिथेच थिजलं. लोक वाट सोडून बघायला आले. माझी छाती तर इतकी फुगली, की बंडीचं बटण उडालं.

बायको मेणबत्तीला खेटून उभी राहिली. चार बोटं कमी. मेण थिजताना आक्रसलं होतं.

"माउली काय मोजपट्टी घेऊन बसली शे?" मी म्हणालो.

"तिले नई, पन माले तर कळस."

तिने माझ्या हातातून कोयता घेतला, अंबाडा धरला आणि मुळापासून कापला. मी हात पुढे करीपर्यंत केस मेणबत्तीच्या पायाशी होते. मग पुन्हा ती तिला खेटून उभी राहिली. दोघी बरोबर सारख्या.

"आते पुरा भरना नवस," ती म्हणाली. त्या गर्दीत तिच्याएवढी ताठ मान दुसरी नव्हती.

खापरात परतल्यावर मी पारावर सांगायचो, ती मेणबत्ती विझायला तीन पावसाळे लागले. खोटं खपवून घेणारी बाई नव्हे ती. पण तेव्हा बोडक्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणायची,

"तीन नई. चार."