साबणाच्या डबीतलं यंत्र

इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आमच्या वर्गात मुली दोनच, आणि त्यातली एक पहिल्याच वर्षी लग्न होऊन गेली. उरले मी. सोल्डरिंग शिकवणारे सर म्हणायचे, "मुलींच्या हाताला हे छान जमतं," जणू मी रांगोळीच काढत होते. मला राग यायचा. पण माझे डाख खरंच छान बसायचे, म्हणून राग गिळून मी पुढची तार हातात घ्यायची.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असायचा. मुलांनी रेडिओ करायला घेतले. मी ठरवलं, आण्णांसाठी कानाचं यंत्र करायचं.

आण्णा म्हणजे माझे वडील. चाकणजवळच्या गावातून ते पिंपरीला कंपनीत लागले, प्रेस शॉपमध्ये. रहाटणीत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. शॉपमध्ये पत्र्यावर प्रेस पडायचे, त्यांचा दणदणाट असा की शेजारच्यानं कानाशी बोंब मारली तरी पोचायची नाही. म्हणून तिथं कुणी ओरडायचंच नाही. नुसते ओठ हलवायचे, आणि समोरच्यानं ते वाचायचे. चहा, जेवण, साहेबाची टिंगल, सगळं बिनआवाजाचं. कंपनीच्या गुरुवारच्या सुट्टीला आण्णांचे दोस्त घरी आले आणि आईच्या कानावर जाऊ नये असं काही निघालं, की दोघंतिघं तोंडं हलवत बसायचे. आई म्हणायची, "बघा, मासं आल्यात पाव्हणं."

आण्णांचे कान हळूहळू गेले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यामुळे आईची हाक एकच, "अवो, ऐकलं का?" ते ऐकत नसत. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात, पण आई एकटीच भांडून ती वाजवून दाखवायची. मग दमून म्हणायची, "जाऊ द्या. बहिऱ्याशी काय भांडायचं." त्या म्हणण्यात राग नसायचा.

यंत्र साधंच होतं. एक माइक, तीन ट्रान्झिस्टर, पेन्सिल सेल आणि छोट्या रेडिओचा कानात घालायचा इअरफोन. सगळं साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवलं. डबी गळ्यात अडकवायला आईनं निळ्या खणाची पिशवी शिवली आणि कडेला लाल दोऱ्याची टीप घातली. "मानसाच्या गळ्यात हाय, जरा बरं दिसू दे," म्हणाली.

एका गुरुवारी मी आण्णांना समोर बसवलं, कानात इअरफोन घातला आणि विचारलं, "आण्णा, ऐकू येतंय?"

"व्हय की."

"काय म्हणाले मी?"

"ऐकू येतंय का म्हनलीस."

मी नाचलेच. आईनं समोर येऊन लाजत लाजत विचारलं, "मी बोललेलं येतंय का?" आण्णा म्हणाले, "तुजं तर आधी येतंय." आई पदरानं डोळे पुसत आत गेली.

परीक्षेलाही मी त्यांना घेऊन गेले. बाहेरून आलेले परीक्षक समोर बसून शांतपणे विचारू लागले, गाव कोणतं, शेतात काय लावता. आण्णा धडाधड उत्तरं देत होते. चाकणच्या बाजारात कांदा कसा गेला तेही सांगून झालं. मग चहा आला. कप तोंडाला लावून परीक्षकांनी काहीतरी विचारलं, तेव्हा आण्णा नुसते हसले. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसासमोर बुजले असतील. मी पहिल्या वर्गात पास झाले आणि भोसरीच्या एका कारखान्यात टेस्टिंगला लागले.

आण्णा ती डबी रोज गळ्यात घालायचे. सेल संपले की मी बदलायची. त्या वर्षांत घर शांत होत गेलं. आईची हाक कमी झाली, भांडण तर बंदच झालं. ती ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवायची आणि मोरीकडे जायची. मला वाटायचं, आता ऐकू येतंय म्हणून दोघांचं जमलं. किती मूर्ख असतो आपण, हातात डिप्लोमा असताना!

मग आईला अर्धांगवायू झाला. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिचा उजवा हात गेला होता आणि तोंड एका बाजूला ओढलं होतं. बोलणं जड झालं होतं, पण कान देऊन ऐकलं की कळायचं. आण्णांनी रजा काढली आणि खाटेशी बसून राहिले.

पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "पानी." आण्णांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि उठून घोंगडी आणली. ती पुन्हा म्हणाली, "पानी." त्यांनी घोंगडी नीट पांघरली. आई रडायला लागली. सेल उतरले असतील म्हणून मी नवे घातले आणि डबीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. इअरफोन कर्कश शिट्टी मारू लागला. दारातलं मांजर पळालं. आईनं डोळे मिटून घेतले. आण्णा मात्र तसेच बसले होते, आईच्या ओठांकडे बघत.

मी बटण बंद केलं. त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "आण्णा, ह्याच्यातून ऐकू येत नाही ना?"

त्यांनी खाली बघितलं. "जाड आवाज तेवढा येतो गं. शॉपमधल्यावानी नुसता गलका. बोलनं न्हाई कळत."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"तुजी परीक्षा व्हती. मग तू खूश व्हतीस."

म्हणजे इतकी वर्षं ते आमचे ओठ वाचत होते. समोरून बोललेलं सगळं कळायचं, पाठीमागून हाक मारलेली कधीच नाही. आणि आता आईचे ओठ वेडेवाकडे हलत होते, ते त्यांना वाचता येत नव्हते.

आईनं आमचं बोलणं ऐकलं होतं. तिनं डाव्या हातानं मला जवळ ओढलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "इच्यार त्यास्नी. मी मागनं हाका मारायची. यंत्र आल्यावर बी मारायची. वळायचं न्हाईत. मला वाटलं, ऐकू येतंय, तरी वळत न्हाईत. माज्यावर राग न्हवता ना?"

मी आण्णांकडे तोंड केलं. आवाजाची गरजच नव्हती. मी नुसते ओठ हलवले. त्यांनी सगळं वाचलं. मग आईवर वाकून शॉपमधल्या दणदणाटापेक्षाही मोठ्यानं ओरडले, "मला ऐकूच आलं न्हाई गं! राग कशाचा? ऐकूच आलं न्हाई!" शेजारपाजारचे दारात जमले.

आईनं डावा हात उचलला आणि त्यांच्या कानातला इअरफोन काढला. मग पुटपुटली, "मी उगाच अबोला धरला वो."

ते त्यांना सांगायला मी पुन्हा ओठ हलवले. पण आण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. ते आईच्या वाकड्या ओठांकडे बघत होते, आणि कळल्यासारखी मान हलवत होते.