शनिवारीच पडणारा खटका

आर्विड टोलेफसनने आयुष्यात कुणावर पटकन विश्वास ठेवला नाही. सुपीरियर गावात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, आणि 'ब्रेक एकदम ठीक आहेत' असं ड्रायव्हर म्हणाला की आधी ब्रेकच उघडायचे, हे तो तिथे शिकला. दुकानातला पावसुद्धा तो उलटा करून बघे. "पाद्री 'आमेन' म्हणाला तरी तू 'कशावरून?' विचारशील," असं त्याची बायको मर्ना म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

जावई हा दहावा ग्रह, असं म्हणतात. आर्विडला तो लग्नाआधीच लागला. मुलगी सोल्वे हिने निवडलेला क्वेंटिन वायरमन होता. मुलगा शांत, वेळेवर येणारा, आणि बिअर न पिणारा! सफरचंदाची सायडर प्यायचा. ज्या घरात बिअर घरी बनते त्या घरात हे म्हणजे जरा अतीच झालं.

आर्विडला बिअर बनवायला शिकवलं त्याच्या थोरल्या भावाने, हाल्व्होरने. हाल्व्होर गेल्यावरही आर्विडने गॅरेजमधली ती विद्या सोडली नाही. गेल्या हिवाळ्यात गुडघे कुरकुरायला लागले, गॅसच्या शेगडीचा धूर जावा म्हणून दार उघडं ठेवून थंडीत उभं राहणं झेपेना, म्हणून त्याने सगळं विजेवर आणलं. स्टीलचं मोठं पातेलं, त्याच्या पोटात तळाशी गरम होणारी कॉइल आणि कॉइलच्या जोडणीवर बाहेरून बसवलेली पत्र्याची डबी, हे सगळं त्याचं स्वतःचं. फक्त भिंतीवरचं पॅनेल क्वेंटिनने जोडलं, आणि एक खास ब्रेकर हट्टाने बसवला. वीज जराशी जरी भलतीकडे गळली, तरी त्याचा खटका खाली पडतो.

आणि तो पडायला लागला. दर शनिवारी बिअरसाठीचा सातूचा काढा उकळीला आला की खट्, सगळं बंद. काढा गार, दिवस वाया.

आठवड्याच्या मधल्या दिवशी मात्र आर्विड एकटाच पातेल्यात साधं पाणी भरून उकळायचा, तेव्हा खटका हूं की चूं करत नसे. काढा फिरवणारा पंप काढून पाहिला, कॉइलच्या प्लगला मीटर लावून पाहिलं. सगळं धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. मग शनिवारी वेगळं काय होतं? शनिवारी क्वेंटिन मदतीला येत होता!

"तोच काहीतरी करतो," आर्विड मर्नाला म्हणाला.

"कशासाठी? तुझ्या बिअरशी त्याचं वैर आहे का?"

"सायडर पिणाऱ्याचं काय सांगावं? ज्याला चार तारा धड जोडता येत नाहीत, तो माझ्या पोरीचा संसार काय जोडणार?"

"आर्विड, लग्नात तुझीच बिअर हवी म्हणून सोल्वे अडून बसलीय."

"चोर सापडला तर लग्नात माझी बिअर नाही. आणि का नाही, तेही मी तिला तोंडावर सांगणार."

त्यांच्या घराण्यात मुलीच्या लग्नात बापाने बिअर दिली नाही, तर बापाचा आशीर्वादच नाही, असं सगळं गाव समजायचं.

आर्विडने मग एक साधा ब्रेकर विकत आणून खिशात ठेवला. हा शनिवार शेवटचा. पोरगा गेला की त्याचं ते नाजूक खेळणं काढायचं आणि हा बसवायचा. तोपर्यंत त्याच्या हातांवरून नजर हलवायची नाही.

शनिवारी काढा तापायला लागला. आर्विडने नेहमीप्रमाणे मागच्या खेपेची बिअर ग्लासात ओतली, एका डोळ्याने क्वेंटिनवर पाळत ठेवली आणि आपलं नेहमीचं उरकलं. थोड्या वेळाने खट्!

"पाहिलंस? तू आलास की पडतो!" आर्विड गरजला.

क्वेंटिनने मुख्य स्विच बंद केला, गुडघ्यावर बसून कॉइलची डबी उघडली. आत ओल होती, तपकिरी, चिकट.

"तूच ओतलंस काहीतरी!"

क्वेंटिनने बोटाला लावून वास घेतला. "मिस्टर टोलेफसन, ही बिअर आहे. मी तर सायडर पितो."

त्याने बोट पातेल्याच्या अंगावरून वर नेलं. एक पुसट ओघळ डबीपासून थेट काठापर्यंत गेला होता, आर्विड नेहमी उभा राहतो बरोबर तिथे.

आर्विडच्या तोंडचं पाणी पळालं. पहिला घोट हाल्व्होरचा. काढा तापला की आर्विड त्याच्या नावाने ग्लासातला पहिला घोट पातेल्याच्या काठावरून सोडायचा, दर वेळी, न चुकता. साध्या पाण्याला कोण नैवेद्य दाखवतो? म्हणून मधल्या दिवशी डबी कोरडी.

"भावासाठी," तो कसाबसा म्हणाला. "त्याचा पहिला घोट."

क्वेंटिन हसला नाही. त्याने डबीतला अर्थिंगचा स्क्रू दाखवला. गंजाने तो पार खाल्ला होता, तार नावापुरती लटकत होती. "ही तुटली असती ना, आणि भिंतीवर साधा ब्रेकर असता, तर तो पडलाच नसता. तुम्ही पातेल्याला हात लावला असता..."

आर्विडचा हात खिशात होता. आपण या पोराला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तो नवा ब्रेकर काढून क्वेंटिनच्या हातावर ठेवला. "हा घेऊन जा. माझ्या घरात नको."

क्वेंटिनने ब्रेकरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. सगळं कळलं असावं. त्याने डबी पुसली, नवा स्क्रू लावला, आणि ग्लास उचलून आर्विडच्या हातात दिला. "हाल्व्होरकाकांचं यापुढे दाराबाहेर ओतू या का?"

आर्विड बाहेर गेला, बर्फावर घोटभर ओतलं. दुसरा घोट नेहमी त्याचा स्वतःचा असे. परत येऊन त्याने ग्लास क्वेंटिनपुढे धरला. "हा तुझा. आणि लग्नासाठी किती पिंपं लागतील ते सोल्वेला विचार."

क्वेंटिनने ग्लास घेतला, उजेडाला धरला, तळ पाहिला, वास घेतला, पुन्हा तळ पाहिला, आणि मग कुठे ओठाला लावला.

आर्विड घरात जाऊन मर्नाला म्हणाला, "पोरगं आपल्यातलंच आहे गं."